त्यांचं पूनम गेट कुठे आहे?

भोगीच्या पहाटे फोन हातात घेतला तो पाण्यासाठी. सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, आणि आज आपल्या भागाचा नंबर आहे का, हे आमच्या ग्रुपवर सगळ्यात आधी कळतं. कुणीतरी पावणेपाचलाच टाकलेलं असतं, "जोडबसवण्णा चौक, आलं बे, उठा." त्या दिवशी ग्रुपच सापडेना. शोधून पाहिलं, फोन बंद करून चालू केला, शेवटी भाच्याच्या खोलीचं दार वाजवलं. त्याने डोळे चोळत स्वतःच्या फोनवर पाहिलं आणि म्हणाला, "मावशी, आपल्याला उडवलंय."

ही गोष्ट 13 जानेवारी 2025 ची. ग्रुप परत मिळायला 45 दिवस लागले. त्यातले किती दिवस आम्ही वाया घालवले आणि शेवटी काय लागू पडलं, हे लिही म्हणून बरेच जण मागे लागले होते. कंपनीचं नाव लिहीत नाही. लिहून काय करायचं, सगळ्यांच्या फोनमध्ये ती आहेच.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघते. 2016 मध्ये ग्रुप काढला तो जुन्या सोलापूरचे फोटो टाकायला. मिलच्या चिमण्या, भुईकोट किल्ला, कंबर तलावातली कमळं, असलं सगळं. पुढे त्यात काय काय यायला लागलं ते आमच्याही हातात राहिलं नाही. हरवलेली पाकिटं, रक्ताची गरज, भाड्याने खोली, कुठली शेंगा चटणी खरी उखळात कुटलेली आणि कुठली मिक्सरमधली यावरची भांडणं. साठेक बायका तिथूनच कडक भाकरी आणि चटणीच्या ऑर्डरी घेतात. सभासद 31 हजार. रोज रात्री जेवणं आटोपली की मी आणि भाचा तासभर बसून कर्जाच्या जाहिराती आणि आयाबहिणींवरून दिलेल्या शिव्या काढत असतो. हे काम आपण फुकटात एका कंपनीसाठी करतोय, असं नऊ वर्षांत एकदाही मनात आलं नव्हतं.

आता झालं काय ते सांगते. आदला दिवस 12 जानेवारी. सोलापूरकराला ही तारीख सांगावी लागत नाही. मे 1930 मध्ये या शहरावर मार्शल लॉ लागला, आणि मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना 12 जानेवारी 1931 ला येरवडा तुरुंगात फाशी दिली गेली. त्या दिवशी आम्ही ग्रुपवर पोस्टर टाकतो. एका निवृत्त ड्रॉइंग सरांनी काढून दिलेलं आहे. काळ्या शाईत चार चेहरे, खाली नावं, आणि चौघांच्या डोक्यांवरून गेलेला एकच दोर, त्याच्या टोकाला फास. सरांनी त्या दोराचा पीळ इतका बारीक काढलाय की बोट लावलं तर खरखरेल असं वाटतं. पाच-सहा वर्षं हेच पोस्टर टाकत होतो, कुणाची हरकत नव्हती.

या वेळी कंपनीच्या मजकूर तपासणाऱ्या यंत्राने त्यातला तेवढा फास पाहिला. आलेल्या मेसेजात लिहिलं होतं की आत्महत्येला किंवा स्वतःला इजा करायला उत्तेजन देणारा मजकूर तुमच्या ग्रुपवर "वारंवार" आढळला आहे. एकच तर पोस्टर, मग वारंवार कसं? हे कोडं सुटायला दोन दिवस गेले. हुतात्म्यांना अभिवादन म्हणून दीडशेच्या आसपास लोकांनी तेच चित्र आपापल्या नावाने पुन्हा ग्रुपवर टाकलं होतं. जितकी अभिवादनं तितके गुन्हे. मेसेजच्या खाली आणखी एक ओळ होती : तुम्ही कठीण काळातून जात आहात का? तुम्ही एकटे नाही. आणि हेल्पलाइनचा नंबर. मी एकटी नव्हतेच, माझ्याबरोबर 31 हजार माणसं होती, तीच त्यांनी काढून घेतली होती.

निर्णय मान्य नसल्याचं कळवायला एक बटण असतं. ते दाबलं. कारण लिहायला जागा नाही, तीन-चार पर्यायांतून एक निवडायचा. हुतात्मा दिनाचा पर्याय त्यात कुठून असणार! चार मिनिटांत उत्तर आलं, फेरतपासणी झाली, निर्णय कायम. चार मिनिटांत माणूस त्या पोस्टरवरची चार नावंसुद्धा नीट वाचणार नाही.

पुढचा आठवडाभर आम्ही जे केलं त्याला आंदोलन म्हणायचं की गड्ड्याची जत्रा, मला अजून ठरवता येत नाही. सिद्धेश्वराची ती संक्रांतीची जत्रा खरोखरच चालू होती म्हणा. सगळ्यांनी डीपी काळे केले. एका पोराने होम मैदानावर, मागे पाळणा फिरतोय अशा जागी उभं राहून, "आमचा ग्रुप परत द्या" म्हणत व्हिडिओ केला, तो दोन लाख लोकांनी पाहिला. भाचा हरखून गेला. कुठे पाहिला? त्याच कंपनीच्या ॲपवर. मग प्ले स्टोअरवर जाऊन एक तारा द्यायची मोहीम निघाली. आठ-नऊशे जणांनी तरी दिला असेल. ज्या ॲपला कोट्यवधी लोकांनी तारे दिलेत, त्याच्या सरासरीत दशांशाचाही फरक पडला नाही. मी हिशेबातली बाई, हे गणित आधीच करायला हवं होतं.

सगळ्यात मोठा घोळ मात्र मी स्वतः घातला. तक्रारीचा एक मसुदा लिहिला आणि सगळ्यांना पाठवून सांगितलं की रात्री नऊ वाजता एकदम पाठवा, म्हणजे दणका बसेल. चारशेच्या वर लोकांनी शब्द न शब्द तोच मजकूर एकाच तासात पाठवला. यंत्राला तो दणका वाटला नाही, कचरा वाटला. 17 जणांची खाती स्पॅम म्हणून सात दिवसांसाठी बंद. त्यात नीलम नगरातली एक भाकरीवाली होती. ग्रुप गेला तरी तिच्या स्वतःच्या पेजवर थोड्याफार ऑर्डरी येत होत्या, त्याही थांबल्या, आणि तेही जत्रेला घरोघरी पाहुणे आलेले असताना. तिचा फोन आला. रागावली नाही. एवढंच म्हणाली, "ताई, तुम्ही सांगितलं म्हणून केलं मी." त्या फोननंतर मला दोन रात्री नीट झोप लागली नाही.

दुसरीकडे भाच्याने टेलिग्रामवर नवा ग्रुप काढला. 31 हजारांतले 2,100 आले. पहिल्या दिवशी घोषणा, दुसऱ्या दिवशी कंपनीला शिव्या, चौथ्या दिवसापासून सुप्रभात. पाण्याची खबर द्यायला माणसंच नव्हती, कारण ती देणारा रिक्षावाला आणि दूधवाला तिकडे आलेच नाहीत. खबर नाही म्हणून लोक येईनात, लोक नाहीत म्हणून खबर येईना. मला जानेवारी 2021 आठवला. व्हॉट्सॲपच्या नव्या प्रायव्हसी धोरणावरून केवढा गदारोळ झाला होता! त्यांनी 8 फेब्रुवारीची मुदत 15 मेपर्यंत पुढे ढकलली होती. तेव्हा मीही तावातावाने सिग्नल हे दुसरं ॲप घेतलं. त्यावर आमच्या खानदानातले दोघेच होते, मी आणि हा भाचा. आम्ही एकाच घरात राहतो.

19 तारखेच्या रविवारी सात रस्त्याच्या एका हॉटेलात सात-आठ जण चहाला बसलो. त्यात अण्णा होते. अण्णा लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते, मिल बंद पडल्यावर पॉवरलूमवर गेले, आता नातवंडं सांभाळतात आणि आमच्या ग्रुपवर जुन्या फोटोंतली माणसं ओळखून सांगतात. आयुष्यभर मोर्चे केलेला माणूस. भाच्याने त्यांना दोन लाखांच्या व्हिडिओची बातमी मोठ्या कौतुकाने दिली. अण्णांनी बशीतला चहा संपवला आणि विचारलं, "म्हंजे संपावर गेलो म्हणायचं आन दुप्पट कापड विणून मालकालाच द्यायचं, असं का रे?"

कुणी बोललं नाही. मग भाच्याला चेव आला. त्याने रेडिटची, म्हणजे विषयवार ग्रुप असलेल्या एका अमेरिकन संकेतस्थळाची, गोष्ट सांगितली, आणि ती मला इथे द्यावीशी वाटते, कारण वापरणाऱ्यांनी प्लॅटफॉर्मविरुद्ध केलेला एवढा मोठा संप दुसरा माझ्या ऐकण्यात नाही. एप्रिल 2023 मध्ये रेडिटने जाहीर केलं की बाहेरच्या ॲप्सना आमची माहिती घ्यायची तर आता पैसे मोजावे लागतील. रेडिट वाचायला अपोलो नावाचं असं एक बाहेरचं लोकप्रिय ॲप होतं. ते बनवणाऱ्या ख्रिश्चन सेलिगने हिशेब मांडून दाखवला की 5 कोटी विनंत्यांना (ॲपने रेडिटकडे एकदा माहिती मागितली की एक विनंती) 12 हजार डॉलर या दराने त्याला वर्षाला 2 कोटी डॉलरच्या आसपास भरावे लागतील. तिथले ग्रुप सांभाळणारे आमच्यासारखेच बिनपगारी, आणि त्यांची कामाची हत्यारं याच बाहेरच्या ॲप्समध्ये. अंध लोक तर काही ठिकाणी पूर्णपणे त्यांवरच अवलंबून. 12 जूनला आठ हजारांहून जास्त ग्रुपांनी दारं लावून घेतली. दोन दिवस बंद.

"दोन दिवस?" अण्णांनी मध्येच थांबवलं. "संप कवा सुरू होणार ते सांगितलं, ठीक हाय. कवा संपणार तेबी आधीच सांगितलं?"

सांगितलं होतं खरं. बरेच ग्रुप 48 तास म्हणूनच बंद झाले होते. काही पुढेही बंद राहिले, तेव्हा उघडा नाहीतर तुमच्या जागी दुसरे नेमू, असा इशारा कंपनीकडून आला. फोटोंच्या एका प्रचंड ग्रुपने मतदान घेतलं आणि उघडला, पण त्यात जॉन ऑलिव्हर या विनोदी निवेदकाचे फोटो सोडून दुसरं काही टाकायचंच नाही असा नियम केला. हे ऐकून अण्णा मनापासून हसले. "हे बेस्ट. काम चालू, पन कामात काय न्हाई." अपोलो मात्र 30 जूनला बंद पडलंच. अंधांसाठीच्या काही बिनव्यापारी ॲप्सना सूट मिळाली, ती तेवढी पदरात पडली.

मी म्हटलं, "अण्णा, मुदत न सांगता केलेल्या संपाचं काय झालं तेही आपल्याला ठाऊक आहे." मुंबईच्या गिरण्यांचा 18 जानेवारी 1982 चा संप अजून कुणी अधिकृतपणे मागे घेतलेला नाही. अण्णा बराच वेळ बशीकडे बघत बसले. मग म्हणाले, "खरं हाय. पन त्येंना गेट होतं. गेट कुटं हाय यांचं?"

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते. सोलापुरात आंदोलन म्हटलं की पूनम गेट. जिल्हा परिषदेचं हे गेट. अंगणवाडीच्या बाया, शिक्षक, शेतकरी, कामगार, ज्याचं जे दुखणं असेल तो तिथे सतरंजी टाकून बसतो. निवेदन घ्यायला आतून कुणीतरी बाहेर येतं. काम होईल न होईल, निवेदनाच्या प्रतीवर शिक्का मिळतो. आमच्या सगळ्या धावपळीत तो शिक्का कुठेच नव्हता. गेटच माहीत नसताना आम्ही आठवडाभर रस्त्यात घोषणा देत होतो.

त्या रात्री मी नियम वाचायला बसले. जीएसटीची परिपत्रकं वाचून वाचून अशा भाषेची सवय झालेली आहे. 2021 चे माहिती तंत्रज्ञान नियम, म्हणजे लोक ज्यांना आयटी रूल्स म्हणतात ते. ज्या सोशल मीडिया कंपनीचे भारतात 50 लाखांहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते आहेत, तिने भारतात राहणारा तक्रार अधिकारी नेमायचा आणि भारतातला पत्ता आपल्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर प्रसिद्ध करायचा. पत्ता! नऊ वर्षं ॲप वापरत होते, हे कधी शोधलंच नव्हतं. सेटिंगच्या तळाशी, तळाच्याही तळाशी, तो होता. आणखी वाचलं, की त्या वेळच्या नियमांप्रमाणे तक्रार मिळाल्याची पोच 24 तासांत आणि निकाल 15 दिवसांत द्यायचा. आणि कंपनीने आपण होऊन मजकूर काढला तर त्याआधी कारण कळवायचं, म्हणणं मांडायची पुरेशी संधी द्यायची. चार मिनिटांचं बटण ही पुरेशी संधी होते का, हा प्रश्न मला तिथे सापडला.

भाच्याने तोवर एक तीन पानी मसुदा करून आणला होता. त्यात अभिव्यक्तिस्वातंत्र्य होतं, लोकशाही होती, सोलापूरचा स्वातंत्र्यलढा सविस्तर होता. अधिकाऱ्याला लिहिताना इतिहास शेवटी लिहायचा, किंवा लिहायचाच नाही. मी सगळं कापून एका पानावर आणलं. ग्रुपची लिंक, पोस्टची तारीख आणि वेळ, कंपनीच्या मेसेजचा स्क्रीनशॉट, बटण दाबल्याची आणि उत्तराची वेळ. चित्र कशाचं आहे ते दोन वाक्यांत. तुम्ही लावलेला नियम इथे का लागू होत नाही ते दोन वाक्यांत. काय हवंय ते एका वाक्यात : ग्रुप पूर्ववत करावा. सोबत चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांचा फोटो जोडला. एकाच मजकुराच्या दीडशे प्रती म्हणजे दीडशे उल्लंघनं धरू नयेत, हेही लिहिलं. पुढे तेच कामाला आलं असावं असा माझा अंदाज आहे.

21 जानेवारीला ईमेल केला आणि त्याचीच छापील प्रत त्या पत्त्यावर आरपीएडीने, म्हणजे पोचपावतीच्या रजिस्टर पोस्टाने, पाठवली. भाचा पोटभर हसला. इंटरनेटच्या कंपनीला पोस्टाने पत्र! हसू दे. दहाएक दिवसांनी पोचपावतीचं कार्ड परत आलं. गोल शिक्का अर्धवट उमटलेला, त्यावर निळ्या पेनाची एक घाईची सही आणि तारीख. अण्णांना नेऊन दाखवलं. त्यांनी चष्मा काढून कार्ड डोळ्यांजवळ नेलं, सही उलटसुलट बघितली आणि म्हणाले, "म्हंजे मानूस हाय तिथं."

ईमेलची पोच दुसऱ्याच दिवशी आली होती, नुसता एक नंबर. 3 फेब्रुवारीला उत्तर आलं, तेराव्या दिवशी. आम्ही पुन्हा तपासलं, निर्णय बदललेला नाही, आपल्या सहकार्याबद्दल आभार. माझ्या एकाही मुद्द्याला उत्तर नव्हतं.

गंमत म्हणजे या नकाराची मी वाटच बघत होते. कारण तक्रार अधिकाऱ्याचा निर्णय हातात आला की त्यापासून 30 दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे जाता येतं. ऑक्टोबर 2022 मध्ये नियम बदलून ही सोय केली आणि 1 मार्च 2023 पासून तीन समित्या काम करतात. सगळं ऑनलाइन, दिल्लीला जायला नको, वकील नको. समितीने 30 दिवसांत निकाल द्यायचा प्रयत्न करावा असं नियमात आहे. सरकारनेच नेमलेली समिती काय काढायचं नि काय ठेवायचं हे ठरवणार, यावर अनेकांचा आक्षेप आहे आणि मला तो पटतोही. पण पाण्याची खबर बंद पडलेली असताना तत्त्वाचा वाद घालत बसायला मला सवड नव्हती.

अपील भरायला मला दीड तास लागला, त्यातला एक तास कागद जोडण्यात. मध्येच भाच्याने एक जुनं प्रकरण शोधून दाखवलं. 2019 मध्ये ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं होतं. आधी एका छायाचित्रावरून : सगळा जमाव नाझी सलाम करतोय आणि एकच माणूस हात बांधून उभा. मग फाशी गेलेल्या शेतकरी क्रांतिकारकांवरची एक हिंदी कविता पुढे पाठवली म्हणून. नाझींना नकार देणारा माणूस यंत्राला नाझी दिसला आणि फाशीचा निषेध म्हणजे फाशीची धमकी. त्या रागात कितीतरी भारतीय तेव्हा मास्टोडॉन या ट्विटरसारख्याच दुसऱ्या ठिकाणी गेले होते. हेगडे दिल्ली उच्च न्यायालयात गेले. आमच्या पोस्टरसारखं पोस्टर आधी कुणाच्या तरी वाट्याला येऊन गेलंय, हे वाचून मला बरं वाटलं. का ते सांगता येत नाही. 10 फेब्रुवारीला अपील दाखल केलं.

मग काही नाही. मार्चअखेर जवळ येत होती, कारखान्यात स्टॉकच्या याद्या सुरू झाल्या होत्या. टेलिग्रामवरचे लोकही विचारायचे थांबले.

27 फेब्रुवारीला गुरुवारी दुपारी जेवणाचा डबा उघडला तर फोन वाजायला लागला आणि थांबेचना. ग्रुप परत आला होता. कंपनीचा मेसेज दोन ओळींचा : तपासणीअंती तुमचा ग्रुप पूर्ववत केला आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. कारण नाही, चूक कुणाची ते नाही. समितीचा निकाल यायच्या आतच त्यांनी हे केलं, आणि हवं ते मिळालं म्हणून पुढे अपीलही बंद झालं. म्हणजे आमच्या बाजूने निकाल असा लागलाच नाही. तो मराठी भाषा गौरव दिन होता, त्यामुळे परत आल्यावर पहिल्या दोनशे पोस्टी माय मराठीच्या शुभेच्छांच्या. पाण्याची पहिली खबर रात्री आली.

भाकरीवालीला मी फोन केला. तिची गिऱ्हाइकं बरीचशी परत आली, सगळी नाही. मधल्या काळात दोन बायकांनी ऑर्डरी फोनवरच घ्यायला सुरुवात केली होती, त्यांनी तेच चालू ठेवलं. सगळ्या गिऱ्हाइकांचे नंबर आता त्या एका वहीत लिहून ठेवतात. आमच्या ग्रुपच्या सूचनांतही पहिल्या ओळीत हेच लिहिलंय, नंबर वहीत ठेवा. भाच्याला ते मागासलेपणाचं वाटतं.

ग्रुप आला, पण 12 जानेवारीचं पोस्टर काही परत आलं नाही. त्या जागी राखाडी चौकट आहे, मजकूर उपलब्ध नाही. त्यासाठी पुन्हा वेगळी तक्रार करायला, खरं सांगायचं तर, माझ्यात दम उरला नव्हता.

या वर्षी पुन्हा 12 जानेवारी आला. आदल्या रात्री मी पोस्टर फोनवर उघडलं, वरच्या कडेला बोट धरून चौकट खाली ओढली. दोर गेला, फास गेला. चार चेहरे राहिले, नावं राहिली. सकाळी सातला टाकलं. सव्वासातला अण्णांची कमेंट आली. ते नेहमी फोटोतल्या माणसांबद्दल लिहितात, तसंच एका ओळीत होतं :

"वरचा दोर कुटं गेला?"

मी त्यावर अंगठ्याची खूण टाकली आणि डबा भरायला गेले.